माणसाआधी रचना तपासणारे बोराटे सर

सदाशिवराव बोराटे सरांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या खोलीत झाली. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात ते मुख्य अभियंता होते. मी लासुर्ण्याची, नुकती पदवी घेतलेली. घोकलेली सूत्रं डोक्यात घेऊन मी बसले होते आणि सरांनी विचारलं, "तुमच्या शेतात शेवटच्या वाफ्याला पाणी का पोचत नाही?"

घाबरून माझी घरची बोली तोंडातून निसटली. "सर, पाटाचं मधलं दारं लई अरुंद हाय."

"मग पाटात पाणी वाढवायचं?"

"न्हाय सर. बांध फुटंल. आधी दारं रुंद करायला पायजे."

जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाकीचे साहेब हसले. सर मात्र हसले नाहीत. "सोमवारपासून या," एवढंच म्हणाले. 'थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स' म्हणजे काम अडवणारी नेमकी जागा शोधणं, 'सिस्टिम्स थिंकिंग' म्हणजे सुट्या भागाऐवजी सगळी रचना पाहणं, हे शब्द मी पुढे पुण्याच्या एका शिबिरात ऐकले, तेव्हा कळलं की सरांनी मला नोकरी त्याच उत्तरावर दिली होती.

सरांचं काम सांगायचं तर पांडुरंग तात्यांची गोष्ट सांगायला हवी. तात्या कळंबचे, आमच्या वर्कशॉपमधले टर्नर. हंगाम संपला की कारखान्याची सगळी दुरुस्ती पावसाळ्यात उरकायची असते आणि झिजलेला प्रत्येक शाफ्ट तात्यांच्या मोठ्या लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, चढतो. ही गोष्ट घडली त्या वर्षाआधी सलग दोन हंगाम गाळप सुरू करण्याचा, म्हणजे उसाची पहिली मोळी टाकण्याचा, मुहूर्त पुढे ढकलावा लागला होता. शेतात उभ्या उसाला तुरे आले, सभासद चिडले. लेथसमोर कामांचा ढीग सगळ्यांनाच दिसत होता. बैठकीत ठरलं, तात्या कामचुकार आहेत, त्यांना निलंबित करा. कागदही तयार झाला.

"मला तीन दिवस द्या," सर म्हणाले. "सही त्यानंतर करा."

ते तीन दिवस सर लेथपाशी स्टुलावर बसून होते. शेजारी वही घेऊन मी. सुरुवातीला तात्या आमच्याशी बोलेनात. आम्ही पुरावा गोळा करतोय असंच त्यांना वाटलं असणार. पण वहीत भलतंच उमटत गेलं. मिलचे साहेब येत, "आधी माझं घे" म्हणत. तात्या चढवलेलं काम उतरवत, नवं चढवून नीट जुळवत. ते जुळतं न जुळतं तोच बॉयलरचे साहेब हजर. त्यात स्टोअरमधून लोखंड आणायचं तात्यांनीच, हत्यारांना धार लावायची तात्यांनीच. तिसऱ्या दिवशी दुपारी हात पुसत ते म्हणाले, "साहेब, मी थांबतच न्हाय. समदे मलाच थांबवत्यात."

सरांनी वही मिटली. बैठकीत त्यांनी तात्यांची बाजू मांडली नाही, फक्त वही वाचून दाखवली. मग त्यांनी मागितलं ते थोडकंच होतं. कामांचा क्रम एकाच फळ्यावर लिहायचा आणि तो सरांशिवाय कोणी बदलायचा नाही. तात्यांच्या हाताशी दोन मदतनीस. जेवणाच्या सुट्टीत दुसरा टर्नर लेथ चालवेल.

मिलचे साहेब उसळले, "मग माझे फिटर रिकामे बसतील!"

"बसू द्या," सर म्हणाले. "फिटर बसले म्हणून कारखाना अडत नाही. लेथ बसला की अडतो."

निलंबनाचा कागद फाडला गेला. त्या वर्षी मोळी जाहीर केलेल्या दिवशी पडली. सरांच्या विनंतीवरून अध्यक्षांनी एक मोळी तात्यांच्या हाती दिली. तात्यांनी ती कपाळाला लावली आणि ऊस मिलकडे नेणाऱ्या गव्हाणीत टाकली. शेजारी उभे असलेले सर दुसरीकडेच पाहत होते.

सर चुकले नाहीत असं नाही. पुढच्या वर्षी आम्ही सगळे लेथकडेच डोळे लावून बसलो आणि दुरुस्ती अडली ती वेल्डिंगपाशी. सरांनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं, "अडचणीची जागा हलली, मी हललो नाही. चूक माझी आहे." साहेब माणसाने हाताखालच्यांसमोर असं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं.

एक ऋण माझं स्वतःचं आहे. तेव्हा यंत्रशाळेच्या भागात मी एकटीच बाई. स्वच्छतागृह पार ऑफिसच्या इमारतीत, म्हणून मी कामाच्या पाळीभर पाणी पीत नसे. कोणाला सांगायची सोय नव्हती. एके दिवशी वर्कशॉपमागे गवंडी आले आणि पंधरवड्यात तिथे महिलांसाठी स्वच्छतागृह उभं राहिलं. कोणीही त्यावर एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, नियम आला असेल. अनेक वर्षांनी मी सरांच्या खुर्चीवर बसले, तेव्हा जुन्या फायलीत त्यांच्या अक्षरातला अर्ज सापडला. त्यात माझं नाव नव्हतं. 'अभियांत्रिकी विभागाची तातडीची गरज' एवढंच लिहिलं होतं.

सर आता पंचाहत्तरीचे झाले. मिलच्या घरघरीत वर्षं गेल्यानं कानानं कमी ऐकू येतं. गेल्या महिन्यात मी बारामतीला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला आणि बजावलं, "जरा मोठ्यानं बोल गं." मी त्या अर्जाची आठवण काढली. कप खाली ठेवत सर म्हणाले, "कुठला अर्ज? मला काही आठवत नाही बुवा."

सर, आपल्याला आठवण्याची गरज नाही. ते आमचं काम आहे. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, काकूंच्या हातचा चहा रोज मिळो. आणि आज आपल्या पंचाहत्तरीच्या या भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, गेल्या महिन्यात आपल्या घरी राहून गेलेलं सांगते: सर, ते स्वच्छतागृह उभं राहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कामावर पाणी प्यायला लागले.