बचतीची घंटी

ज्या ऑफिसात काम कमी, तिथं किस्से जास्त. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावच्या ऑफिसात तर ते फायलीसारखेच साचले होते. मी तिथं चपराशी. सत्तरच्या पुढची सालं, लाइट कमी अन् पंखे फुकटचे फिरत.

नव्या साहेबानं कांबळे वायरमनले मशीन बनवाले लावली. लाइट जास्त जळली का मीटरपाशी, माह्या स्टुलाजवळच, घंटी वाजे. कांबळे रोजंदारीवर. मशीन अकोल्याच्या मोठ्या साहेबाले पटली तर तो पक्का होणार होता. त्याले बायको अन् तीन लेकरं. मी त्याले म्हटलं, "माह्या कानापाशी कायले लावून राह्यला बे?"

* * *

पहिल्या दिवशी घंटी वाजली अन् बाबू लोकाईले वाटलं जेवाची सुट्टी झाली. सारे डबे घेऊन लिंबाखाली. मी सुट्टीत रोज करतो तसे पंखे बंद केले. घंटी थांबली. साहेब म्हणे, पाहा, कसा फरक पडला!

* * *

मग देशमुख हेडक्लार्कनं अक्कल लढवली. सात पंखे बंद, एक चालू. आठही खुर्च्या त्याच्याखाली. एकाचा कोपर दुसऱ्याच्या शाईत. साहेबानं विचारलं, मीटिंग हाये का?

"नाही साहेब, बचत हाये."

* * *

कारंजाचे एक सेठजी आले. बाबूनं त्यांच्यासाठी पंखा लावला, घंटी वाजली, लगेच बंद केला. सेठजीनं पिशवीतून विंझणा काढला अन् सही होईपर्यंत बाबूलेच वारा घातला. मी म्हटलं, वारा बी घरून आणला?

"सरकारी ऑफिसात जातानी सारंच घरून न्यावं."

* * *

शेवटी मोठे साहेब आले. पाय आत टाकला अन् लाइट गेली. लाइटीबिगर मशीन मुकी. कांबळे पांढरा पडला. तपासणी आजच, अन् ते दुपारच्या गाडीनं परत जाणार.

मी भाईर गेलो, सायकलची घंटी खोलली अन् मीटरमागच्या खोलीत शिरलो. दाराच्या फटीतून दिसे. मोठ्या साहेबानं पंख्याचं बटन दाबलं, मी वाजवली. बंद केलं, मी थांबलो. त्यायनं चारदा करून पाह्यलं. मंग वर पंख्याकडं पाह्यलं. तो हालतही नव्हता.

"लाइट नसतानाही वाजते?"

कांबळे म्हणाला, "हो साहेब. तवाच तं सगळ्यात जास्त वाचते."

मोठ्या साहेबानं कांबळेची ऑर्डर मागितली अन् खिशातला पेन काढला.