स्ट्रेचर जाईल एवढं दार

आईचं प्रसूतिगृह म्हणजे जवळा बाजारात आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या. सरकारी नर्सची नोकरी संपल्यावर तिनं ते काढलं. अडलेली बाई ती वेळेत हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात धाडायची, बाकीच्यांना गावातच मोकळं करायची. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिथंच होणार, हे ठरलेलंच होतं.

त्याच वर्षी परवान्याचे नियम बदलले. नव्या यादीत एक कलम दाराचं होतं: स्ट्रेचर सरळ आत जाईल एवढं रुंद हवं. आमचं दार जुन्या मापाचं. ते बदलून पुन्हा तपासणी होईपर्यंत बाळंतपणं बंद. आईनं त्याच दिवशी बाहेरची पाटी जुन्या साडीनं झाकली. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळताना हात दाखवणारी बाई ती. मी सातव्या महिन्यात आले तेव्हा तिला चिडवलं, "तपासायला येणाऱ्या साहेबापेक्षा तूच मोठी साहेब हायेस."

"तुझ्या येळेपर्यंत होतंय बघ समदं बराबर," ती हसून म्हणाली.

दिवस भरायला तीन आठवडे होते. मिस्त्रीनं चौकट काढलेली, खोलीत विटांचा ढीग आणि सिमेंटची धूळ. दुपारी जेवून उठले आणि अंगावरून पाणी गेलं. आईनं पोटाला यंत्र लावलं. ठोके छान पळत होते, मलाही ऐकवले. "घरातच कर की," मी म्हणाले. "काहून नेऊन राहिलीस मला?"

"न्हाई, बाई. आत धूळ हाय, ऑक्सिजन हलवून ठिवलाय. आन परवाना न्हाई. दुसरीला न्हाई म्हनले, तुला कसं व्हय म्हनू?"

शेजाऱ्यांची जीप काढली. हिंगोलीच्या वाटेवर, औंढ्याच्या अलीकडेच मला दम धरवेना. शेवटी हात तिलाच लावावा लागला, गाडी कडेला घेऊन, मागच्या सीटवर. मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. आईनं ते सोडवले, पाठ चोळली, तोंडानं श्वास देत राहिली. पोरगी रडलीच नाही.

नियम चुकीचा होता, असं मला आजही म्हणता येत नाही. रक्त जाणारी बाई त्या अरुंद दारातून बाजेसकट तिरकी करून काढताना मी लहानपणी पाहिली आहे. पण राग कुणावर तरी काढायला हवा होता. मी आईशी बोलणं टाकलं.

पुढच्या पंधरवड्यात दार झालं, साहेब टेप लावून गेले, परवाना आला. आईनं तो कपाटात टाकला. पाटीवरची साडी तशीच राहिली. मग एका सकाळी गावातली एक बाई कळा देत दारात आली. आई उंबऱ्यातच थबकली. "माझे हात चालंनात," म्हणाली.

त्या बाईचा चेहरा मला बघवेना. मीच बाहेर जाऊन पाटीवरची साडी सोडली. "जा आत," म्हणाले. इतक्या दिवसांत आईशी बोललेले ते पहिले दोन शब्द.

दुपार व्हायच्या आत तिथून रडणं ऐकू आलं, खणखणीत. मी स्वयंपाकघरात होते. दूध आटावं म्हणून छातीला घट्ट फडकं बांधलं होतं, तरी पोलकं पुढून सगळं भिजलं. ओट्याला धरून उभी राहिले. आई हात पुसत आली, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच भुईवर बसली.

"खोली चालू असती," मी विचारलं, "तर माझी पोरगी अशीच रडली असती का गं?"

ती खोटं बोलली असती तर मी तिला माफ केलं असतं.

"व्हय," आई म्हणाली.