मागची शीट

"गाडी पेशल तुमची, पन मागची शीट माझी."

फिरायला आलेल्या पाहुण्यांना तो जीपवाला आधी हे ऐकवायचा आणि मग नमस्कार करायचा. पाहुणे गोंधळून माझ्याकडे बघायचे. मी जव्हारच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या जीपमधून पाहुण्यांना इथले कडे, दऱ्या, धबधबे दाखवत हिंडायचो. गाडी त्याची आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी होती.

पेशल म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडे जीप दोन तऱ्हेने चालते. एक, स्टँडबाहेर उभी राहून माणसं भरभरून पाड्यांवर सोडणारी. दुसरी, एकाच मंडळींनी दिवसभरासाठी ठरवलेली. ही दुसरी पेशल. ती वाटेत कुणासाठी थांबत नाही. कुणी हात केलाच तर ड्रायव्हर खिडकीतून नुसतं 'पेशल' म्हणतो आणि पुढे जातो. त्यात कुणाला राग यायचं कारण नसतं, सगळ्यांना ते ठाऊक असतं.

ह्याची पेशल मात्र अशी नव्हती. जीपच्या मागच्या बाजूला समोरासमोर दोन लांब बाकडी, त्यातलं डावीकडचं कायम रिकामं. त्यावर घडी घातलेली गोधडी आणि पाण्याची बाटली. तिथे माणूस सोडा, पिशवीसुद्धा ठेवू द्यायचा नाही. एकदा एका साहेबांनी कॅमेऱ्याची बॅग ठेवली, तर ह्याने गाडी थांबवली, मागे गेला, बॅग उचलून अलगद त्यांच्या मांडीवर ठेवली आणि परत येऊन गाडी चालू केली.

"अहो, जागा रिकामी आहे की," दुसऱ्या एका खेपेला चौघांत दाटीवाटीने बसलेले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले.

"रिकामी नाय सायब. मानूस यायचाय."

"कोण यायचंय?"

"ते मला तरी कुठं ठाव."

गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. ड्रायव्हर थोडा सरकलेला दिसतो, असा त्या हसण्याचा अर्थ. मीही हसलो. मला कारण माहीत होतं, तरी हसलो. माझा स्वभाव तसा आहे, पाहुण्यांपुढे मी फार लवकर हसतो.

तुमच्यापैकी कुणी दाभोशाच्या धबधब्यावर गेलं असेल तर तो काळा कडा तुम्ही पाहिला असेल. मी पाहुण्यांना सांगायचो की हा सगळा मुलूख म्हणजे जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा. एक थर आला, गार झाला, त्यावर दुसरा आला. पंधरा मिनिटं मी हेच बोलायचो. सुरुवातीला तो लांब उभा राहून तंबाखू मळत ऐकायचा. दोन-तीन वर्षांनी माझं ऐकून ऐकून त्यालाही तोंड फुटलं.

"सर लांबन लावतेत," तो पाहुण्यांना सांगायचा. "आयका. नागलीची भाकर थापली, ती निवली. तिच्याव दुसरी थापली. आशी चवड."

लोकांना त्याचंच पटायचं. मला जरा लागायचं, खोटं कशाला बोलू.

घाटात एके ठिकाणी रस्त्यासाठी कडा कापलाय. तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये वीतभर लाल माती दिसते. पहिला थर निवल्यावर बराच काळ दुसरा आलाच नाही, तेवढ्यात दगड कुजून माती झाली, असं मी त्याला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्या वळणावर तो गाडी हटकून उभी करायचा. खाली उतरून त्या लाल पट्ट्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "हितं आग थांबली व्हती." पाहुणे फोटो काढायचे. मी पाण्याची बाटली शोधल्यासारखं करून पाठ फिरवायचो.

एका वर्षी पुण्याचं एक जोडपं आलं. नुकतेच परदेशात फिरून आले होते, ज्वालामुखी आणि बर्फाच्या देशात. तिकडेही त्यांनी दोघांपुरती गाडी आणि माहितगार ड्रायव्हर घेतला होता. जेवायला थांबलो तेव्हा बाई मोबाइलवर फोटो दाखवू लागल्या. काळ्या वाळूचा किनारा, वाफ सोडणारी जमीन, डोंगरावरून रस्त्यापर्यंत उतरलेली बर्फाची नदी. तो हात धोतराला पुसून जवळ आला. (धोतर तो कधीच नेसायचा नाही, पँटच घालायचा, पण कमरेला एक जुना पंचा असायचा, त्यालाच तो धोतर म्हणायचा.) दगड आपल्यासारखाच, हे त्याने लगेच ओळखलं. बर्फाकडे मात्र बराच वेळ बघत राहिला.

"बाई, हितं पाडं हायेत?"

"आहेत ना. लांब लांब, एकेक घर."

"मंग एवढ्या बर्फात बाळंतीन दवाखान्यात कशी नेत्यात?"

बाईंना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्या नवऱ्याकडे बघू लागल्या. नवरा म्हणाला, "हेलिकॉप्टर असेल."

"मंग बरं हाय," तो म्हणाला आणि ताट धुवायला गेला. दोन तासांनी, परतीच्या रस्त्यावर, मध्येच मला विचारतो, "सर, त्या हेलिकॉप्टरात मागं शीट आसंल ना?"

तुम्ही म्हणाल, भला माणूस. होताच. पण मागची शीट रिकामी ठेवायची अक्कल त्याला जन्मापासून नव्हती. ती माझ्यामुळे आली, आणि कशी आली ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

जीप नवी घेतल्याचं वर्ष. कॉलेजातले एक प्राध्यापक आणि त्यांचे सात विद्यार्थी कडे बघायला आले होते. मी आठवडाभर तयारी केली होती, तक्ते काढले होते. एवढ्या मोठ्या माणसापुढे मला मिरवायचं होतं. गाडी मागपर्यंत गच्च भरलेली. वांगणीच्या फाट्यापाशी आलो तर समोर डोली. बांबूला गोधडी बांधलेली, चौघांनी खांद्यावर घेतलेली. ऊन लागू नये म्हणून वरून लुगडं टाकलेलं. पुढच्या माणसाने एक हात वर केला.

त्याने गाडी जवळजवळ थांबवलीच होती. पाय ब्रेकवर ठेवून माझ्याकडे बघितलं. सर काय म्हणतात ते तो बघत होता, मी शाळेतला मास्तर ना. मी घड्याळ बघितलं. उन्हं वर चढली की कड्यावरचे थर नीट दिसत नाहीत.

"चल," मी म्हणालो. "येताना घेऊ."

त्याने खिडकीतून बाहेर मान काढली. "पेशल हाय," म्हणाला. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा होता.

येताना फाट्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. पहिलटकरीण होती, शेजारच्या पाड्यावरची. ते लोक चालत पुढे निघाले, तासा-दीड तासाने त्यांना एक टेम्पो मिळाला. दवाखाना यायच्या आधीच ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

बाराव्याला तो त्या घरी गेला. मी गेलो नाही. शाळेत तपासणी आहे असं सांगितलं, आणि तपासणी खरोखरच होती, पण ती दुपारी संपली होती. त्यानंतर आठ दिवसांनी तो माझ्या घरी आला, ओट्यावर बसला, चहा प्यायला.

"सर, आजपासून मागची शीट भरायची नाय."

एवढंच. तुम्ही चल का म्हणालात, असं त्याने मला कधीच विचारलं नाही. मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याने दुसऱ्या रविवारी नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि मी नेहमीसारखा पुढे जाऊन बसलो.

त्या बाकड्यावरून किती जण गेले असतील देव जाणे. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला गुराखी, तापाने फणफणलेलं लेकरू, कड्यावरून पडलेला मध काढणारा. पाहुणे कुरकुर करायचे. एकदा एका गटाला त्याने रस्त्याच्या कडेला करवंदीच्या जाळीपाशी उतरवलं, वाटेत भेटलेल्या आजारी म्हातारीला घेऊन उलट्या रस्त्याने दवाखान्यात गेला आणि अडीच तासांनी परत आला. तेवढा वेळ ते लोक माझ्यावर डाफरत होते. मी त्यांना लाव्हाचे थर समजावत बसलो. त्या दिवशी मला कधी नव्हे ते छान वाटलं. वाटलं, थोडं फिटलं. फिटलं वगैरे काही नव्हतं, पण माणसाला वाटतं.

गेल्या वर्षी जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा त्याची गाडी क्लचच्या कामासाठी गॅरेजात पडली होती. मी मुलाकडे नाशिकला होतो. एका सकाळी त्याच्या छातीत दुखायला लागलं. तो गेल्याची बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी, त्याची बायको, अंगणात वरई पाखडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं आणि पदर डोक्यावर घेतला. गाडी गॅरेजातून आणून कुणीतरी आंब्याखाली लावली होती. काचेतून आतली गोधडी दिसत होती, घडी घातलेली.

"पोरांनी डोली करून फाट्याव आनलं," वहिनी सांगू लागल्या. "गाड्या लई व्हत्या सर, सुट्टीचे दिस ना. समद्या भरलेल्या. पोरांनी हात केला. येक म्हनला, पेशल हाय. दुसरा थांबलाच नाय. पोरं शिव्या द्याया लागली, तं ह्यांनी डोलीतून हात बाहेर काढला. म्हनले, नका बोलू त्याला. मागं पाव्हने असतील."

"मग?"

"चवथी गाडी थांबली." त्या सुपाकडे बघत राहिल्या. "ती थांबली तवर झालं व्हतं."

मी म्हणालो, माझ्या फार जवळचा माणूस होता. असं काहीतरी म्हणालो.

"तुमचं नाव लई घ्यायचे," वहिनी म्हणाल्या. "ती पहिलटकरीन गेली ना, त्या दिसाचं सांगायचे नेहमी. म्हनायचे, सर थांब थांब म्हनत व्हते, मीच आयकलं नाय. सरांचं आयकलं आसतं तं ती बाई वाचती. मरस्तवर त्यांना ते लागून ऱ्हायलं."

इतकी वर्षं त्याने घरात, पाड्यावर, त्या बाईच्या माणसांनाही बहुतेक हेच सांगितलं होतं. त्या पाड्यावरची माणसं बाजारात भेटली की मला हात जोडतात, ते का, हे मला तेव्हा कळलं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटत होतं मी त्यावर काहीतरी बोलेन. मी मान हलवली. हो म्हणाल्यासारखी.

मी थांब म्हणालो नव्हतो. चल म्हणालो होतो. हे वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहून काढलंय, त्यांना वाचता येत नाही हे मला चांगलं माहीत असताना.