साडूंनी अडवलेलं पाणी

माझ्या साडूंइतका न बसणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. आणि असलाच तर या दोघांची गाठ पडण्याची शक्यता नाही, कारण दोघंही एका जागी सापडायचे नाहीत. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते राहतात शनिवार पेठेत, आम्ही सदाशिव पेठेत. मी त्यांच्याकडे जातो तेव्हा ते आमच्याकडे यायला निघालेले असतात, आणि आमच्याकडे येतात तेव्हा चप्पल काढता काढताच "चला, निघतो" म्हणतात. चहा उभ्यानं, पेपर चालता चालता. नाटकाला कडेची खुर्ची घेतात आणि दुसरा अंक दाराशी उभं राहून ऐकतात. एकदा न्हाव्याकडे अर्धं डोकं झाल्यावर फोन आला म्हणून उठले, ते तसेच मंडईत जाऊन दुधी घेऊन आले. न्हावी दारात कात्री घेऊन उभा. त्याला म्हणाले, "तुम्ही थांबलात होय? मला वाटलं, जेवायला गेला असाल." ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सांगते, "आमच्या लग्नात यांना सप्तपदी तेवढी आवडली. होमापुढं बसवलं तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं."

औषधांच्या कंपनीचे फिरते प्रतिनिधी म्हणून त्यांनी नोकरी केली. गावोगावच्या डॉक्टरांकडे जायचं आणि बाहेरच्या बाकावर नंबर येईस्तोवर बसायचं. "माझा बसण्याचा कोटा त्या बाकांवर संपला," असं ते सांगतात. निवृत्त झाल्यापासून मात्र ही अस्वस्थता फारच वाढली. घरातल्या घरात फेऱ्या मारून ताईला भोवळ आणायचे. मुलगी बंगलोरहून फोनवर म्हणायची, "बाबा, आता निवांत बसा ना." त्यावर ते फोन ताईच्या हातात देऊन जिन्यात जायचे.

गेल्या भाद्रपदात एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "डोंगरातली भातखाचरं बघायला जायचं. गाडी काढा." का, कशाला, काही नाही. बाहेर पाऊस धरलेला. बायकोनं हळूच सांगितलं, "जा हो, नेऊन आणा. ताई दोन दिवस नीट जेवलेली नाही यांच्या पायी." मी गाडी काढली.

खडकवासला मागे पडेपर्यंत त्यांनी काच सात वेळा खाली-वर केली. पुढं धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता डोंगरात शिरला आणि खाचरं दिसायला लागली. उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली, भाकरीएवढी वाटावीत अशी लहान लहान वावरं. प्रत्येकाला मातीचा बांध, आणि वरच्यातून खालच्यात पडणारी पाण्याची धार. भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. धुकं मधूनच सगळं पुसून टाकी आणि पुन्हा दाखवी. मला वाटलं, इथं तरी हा माणूस दोन मिनिटं थांबेल. गाडीतून उतरले, इकडून तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. निघू या?"

मी खरोखरच संतापलो. काही बोलणार, तेवढ्यात वरच्या अंगानं आरडाओरडा ऐकू आला.

डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेली पन्नाशीची एक बाई बांधावरून धावत येत होती. खेकड्यांनी बांध पोखरला होता आणि मधोमध हातभर भगदाड पडलं होतं. पाणी गढूळ होऊन खालच्या खाचरात कोसळत होतं. भाताची पहिली ओळ आडवी झालीच होती. बाई दोन्ही हातांनी चिखल लावी, पाणी तो घेऊन जाई. "खालची समदी जात्यात बघा आता," ती आमच्याकडे बघून म्हणाली. मदत मागण्याचाही तिला धीर उरला नव्हता.

मी कुठं दगड मिळतो का बघत होतो. साडूंनी बघितलंबिघितलं नाही. चपला काढल्या, इस्त्रीच्या पँटनिशी खाचरात उतरले आणि भगदाडाला पाठ लावून मटकन खाली बसले.

पाणी थांबलं. सगळं नव्हे, पण कोसळायचं ते थांबलं. कमरेच्या दोन्ही बाजूंनी झिरपत राहिलं.

"हलू नगा बाबा!" बाई ओरडली. "आगदी हलू नगा! म्या दगडं आणती."

दगड होते ओढ्याकाठी. ती आणि मी वाहू लागलो. माझ्या बुटांत चिखल, हातांना खरचटलेलं. दर खेपेला मी बघायचो, उठले तर नाहीत ना. मानेपर्यंत चिखल, डोक्यावर पाऊस, चष्म्यावरून पाणी ओघळतंय, आणि माझे साडू बसलेले. एकदा त्यांचं तोंड भयंकर वाकडं झालं.

"काय झालं?"

"खेकडा आहे," ते दातांतून म्हणाले. "घर त्याचं आहे. तुम्ही दगड आणा."

चांगला तासभर गेला. दगड लागले, त्यावर माती बसली, बाईनं पायानं ती दाबली आणि मग म्हणाली, "उठा आता, बाबा." साडूंना उठता येईना. पाय पार बधिर झाले होते. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. खालची खाचरं उभी होती. बाईनं घरी नेऊन चुलीपाशी बसवलं, कोरा चहा दिला, नवऱ्याचा जुना सदरा काढून दिला. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, वावर ती एकटीच करते, हे तिनं सदऱ्याची घडी मोडता मोडता सांगितलं. निघताना म्हणाली, "भात कापायला या. नवा तांदूळ न्या."

परतीच्या वाटेवर साडू समोरच्या काचेकडे बघतच म्हणाले, "रिटायर झाल्यापासून जो तो मला बसा म्हणतो हो. बसा म्हणजे, तुमचं काही काम नाही. आज ती बाई म्हणाली, हलू नका." मी वायपर जोरात केला.

त्यांना आठ दिवस ताप आला. ताईनं माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला. फेऱ्या तापानंतर पुन्हा सुरू झाल्या, आणि कुणाचा स्वभाव एका तासात बदलत नाही हे मीही मान्य केलं.

दिवाळीनंतर कळलं, ते एकटेच एसटीनं तिकडे जाऊन आले होते. मी विचारलं, "भेटली का बाई?"

"नाही. कुलूप होतं. लेकीच्या बाळंतपणाला गेलीय म्हणे. भात कापून झालं होतं."

"मग?"

"मग काही नाही. सदरा धुऊन नेला होता, तो शेजारच्यांकडे दिला. बांधावर गेलो. आपला तुकडा चांगला धरलाय. गवत आलंय त्याच्यावर." पुढं म्हणाले, "दुपारची एसटी समोरून गेली. म्हटलं, जाऊ दे. संध्याकाळची आहे."