अर्ध्या गाण्यांचे धनी

पूर्व नागपुरात आजवर जेवढा गोंगाट झाला असेल, त्यातला निम्मा आमच्या इवायांच्या कानातून गेला आणि उरलेला निम्मा त्यांनी स्वतः केला. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे; तेही मला इवाईच म्हणतात. लकडगंजात लाकडं चिरायच्या आरामशीनवर त्यांनी जन्म काढला. साधं पाणी मागितलं तरी गल्लीतली कुत्री उठून बसतात. सोयरिकीच्या बैठकीत त्यांनी "पोरगी पसंत हाये" म्हटलं, आणि चहा यायच्या आधी शेजारीपाजारी पेढे मागायला दारात हजर. मला पुढे कोणाला काही सांगावं लागलंच नाही.

त्यांना शेकडो गाणी येतात, पण पूर्ण एकही नाही. आरामशीनवर खिळ्याला एक ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. लाकूड पात्याला लागलं की गाणं बुडायचं, ओंडका चिरून बाजूला पडला की पुन्हा वर यायचं. वर येईल तेवढंच यांच्या वाट्याला. कुठे मुखडा आहे तर मधलं कडवं सागवानाने खाल्लेलं. लग्नात गायला उभे राहिले की भर रंगात तोंडाने "घर्रर्र" करायचे आणि चार ओळी सोडून पुढची ओळ धरायचे. लोक पोट धरून हसायचे. मी एकदा विचारलं तर छाती फुगवून म्हणाले, "त्या गाण्यात तिथं आराच हाये जी!"

आमचा जावई मिहानमध्ये कामाला आहे. त्याने बापासाठी आगपेटीएवढं गाण्याचं यंत्र आणलं. मोबाईल यांना नकोच होता, त्यात मधेच माणसं बोलतात. अंगणात निंबाखाली खाट टाकून त्यांनी कानात त्याच्या वायरीची बोंडं घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक भीमगीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. ऊन पानांतून गळून त्यांच्या बनियनवर हलत होतं. डोळे मिटलेले, ओठ उघडे. मग एकदम माझा हात धरून ओरडले, "इवाई, याच्यात आखीन एक कडवं होतं जी! मले कोणी सांगतलंच नाही!"

तेव्हापासून माणूस हरवला. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, इवाई खाटेवर तरंगत असायचे. आवाज मात्र समोर आरा चालू असल्यासारखा. झाडाचं पान हलत नसलं तरी त्यांचा अंगठा आवाज वाढवतच राहायचा. मला खाटेच्या दुसऱ्या टोकाला शब्द न् शब्द ऐकू यायचा. मी म्हटलं, "आरा तं कधीचा बंद झाला, एवढं मोठं काहून?"

"लहान आवाजाचं गाणं मले चोरल्यावानी वाटते," ते म्हणाले.

तसेच रस्त्यानेही चालायचे. एकदा ई-रिक्षावाला मागे हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी त्याने खाली उतरून खांद्याला हात लावला, तर इवाई त्यालाच म्हणाले, "केव्हाचा बेताल वाजवून राहिला गा?" आणि यंत्राचं कौतुक तर विचारूच नका. गाणं बंद केलं तरी कानात शीऽऽ असं वाजत राहायचं. त्याला ते मालाचा गुण समजायचे. "बंद करूनबी चालू राह्यते. पैसे वसूल!"

मला हे बरं वाटत नव्हतं, पण माझं डोकं फिरलं ते गौतमीमुळे. गौतमी आमची दोघांची नात, आवाज तिचा कापसासारखा. इवाई सगळ्यांना सांगत, "पोरगी लाजून राहिली. तोंड हलवते, बोलत नाही." आणि ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नाना, आबाले मी आवडत नाही. माह्या गोष्टीवर ते हुं बी नाही म्हणत." आबांकडे जाणंच तिने सोडलं होतं.

त्या दिवशी इवायांच्या घरी माझ्यासमोर ताट आलं. मी हात लावला नाही. "तुम्ही कानाच्या डाक्टरकडं येत नाही तवर तुमच्या घरचा घास मले वर्ज्य." दारी आलेला इवाई उपाशी उठला तर घराची अब्रू जाते. त्यांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या, चपला घातल्या आणि निघाले.

डॉक्टरीणबाई गोड होती. तपासून म्हणाली, "काका, गेलेलं ऐकणं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. आवाज निम्म्याच्या खाली ठेवा, मधूनमधून कानांना विसावा द्या, रस्त्यावर अजिबात घालू नका. हातभर अंतरावरच्या माणसाचं साधं बोलणं ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे समजा."

"आन् हे शी वाजते ते?"

"ते यंत्राचं नाही काका, तुमच्या कानाचं आहे."

घरी येईपर्यंत इवायांनी बोंडं खिशातून काढली नाहीत, दर चार पावलांवर खिसा तेवढा चाचपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गौतमीला खाटेवर बसवलं. लाकूड मोजावं तसा हात पसरून अंतर मोजलं, बोंडं कानात घातली आणि म्हणाले, "बोल वं माय."

ती बोलली. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं, अंगठ्याने आवाज खाली केला. "आखीन बोल." पुन्हा खाली. ती आधी माझ्याकडे पाहत बोलत होती, मग त्यांच्याकडे पाहून बोलायला लागली. आणखी खाली.

"मुंगी?" इवाई एकदम म्हणाले. "डब्यात?"

"हो ना आबा! पोळीवर!"

"मंग?"

मग काय, ती सांगत सुटली. तिचा आवाज बारीक झाला की अंगठा खाली सरकायचा. निंबाची सावली खाटेवरून भिंतीवर गेली. इवायांची मान तालात डोलत होती, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर तेच पूर्ण गाण्याचं सुख. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला होतो. बोंडांतून काहीच येत नव्हतं. खाली येता येता गाणं केव्हाच बंद झालं होतं. मी त्यांना सांगितलं नाही.