हात मागं जायचा

बेंबळीकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीत दूध मोजायला एक जण होता. कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक माप दोनदा मोठ्यानं म्हणायची सवय. माणूस वाईट नव्हता. दुधात पाणी दिसलं तर पाटलालाही परत पाठवायचा.

सगळ्यांच्या हातातून तो किटली घ्यायचा. आम्हा बौद्धांच्या बायकांची पाळी आली की मात्र त्याचा हात मागं जायचा. मग आम्ही किटली खाली ठेवायची आणि त्यानं ती उचलायची. त्या वर्षी दुष्काळ पडला होता आणि आमचं घर एका म्हशीवर चाललं होतं, तरी तिथं दूध घालणं बंद करायचं मी ठरवलं. आधी त्याला तोंडावर विचारलं, "भाऊ, तुमचा हात मागं का जातो?"

"कुठं जातो, अक्का? माझ्या मनात तसलं काय न्हाय."

"मनातलं मला काय दिसतंय? उद्या शेवटचं दूध आणते. तवा हाताकडं बघा."

दुसऱ्या दिवशी त्यानं बघितलं. हात आपोआप मागं गेला. त्याचा चेहरा पडला. मग तोच हात त्यानं पुढं आणला आणि किटली माझ्या हातातून घेतली. माप म्हणायचं राहूनच गेलं.

मी दूध घालत राहिले. वर्षभर रोज तेच. हात आधी मागं, मग पुढं. एकदा मीच म्हणाले, "जमत नसलं तर ठेवते खाली."

"हात जातोय मागं, जाऊ द्या," तो म्हणाला. "किटली मी घेणार."