खंडेनवमीला घासलेले तुकडे

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, जावयांची नावं हमखास चुकवायचे; धाकट्याचं मला आणि माझं त्याला. पोलादाच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी चकवू शकलं नाही. निजामाच्या अमलात धाराशिवला त्यांचं लेथचं दुकान होतं आणि मी तिथं फिटर. जावयाचा मान घरी, जेवणाच्या पाटावर. दुकानात नुसतं, "जावईबापू, हात चालवा की!"

लेथवर लोखंड कातायला पुढं बोटाएवढा पोलादी तुकडा बसवतात. त्याच्या निवडीवर मामांचा भारी कटाक्ष. "आधी काम बघायचं, मग तुकडा. हाताला आलं ते सारायला ही काय चूल हाय?" सोलापूरहून आणलेला चांगला तुकडा तापून लाल झाला तरी धार सोडत नसे. जुन्या कानशीपासून केलेला तापला की मऊ पडे आणि कामावर ओरखडे काढी. दिसायला दोन्ही सख्खे भाऊ, म्हणून चांगल्यांच्या बुडाला मामा तेलातला शेंदूर लावून ठेवत.

त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला मामींनी सगळे तुकडे चिंच आणि राख लावून लख्ख घासले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. शेंदूर साफ गेला! कळल्यावर मामींनी कपाळावर हात मारून घेतला. मामा एवढंच म्हणाले, "पूजा नीट झाली ना?"

दसरा सरतो न सरतो तोच तेरचे गिरणीवाले इंजिनाचा झिजलेला शाफ्ट कातून घ्यायला आले. लढाईचे दिवस, दुसरा शाफ्ट मिळणं कठीण, नवे तुकडेही मिळेनात. त्यात मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गिरणीवाल्यांच्या ते ध्यानात आलं.

"मिस्त्री, राग मानू नका. म्या बार्शीला नेतो."

"खाली ठिवा त्यो शाफ्ट," मामा कडाडले. "बिघडला तर उद्यापासून दुकानाला कुलूप."

मी तर गारच पडलो. मामा शब्द फिरवणारे नव्हते.

धारेच्या चाकावर तुकडा टेकवला की ठिणगी त्याची जात सांगते. कानशीची पांढरी, फुलबाजीसारखी फुटणारी. चांगल्याची तांबूस आणि विरळ. मी म्हणालो, "मामा, मी बघून सांगतो ना."

"कुलूप माझ्या दुकानाला लागणार, अन् ठिणगी तुम्ही बघणार व्हय? चाक फिरवा!"

उजव्या हातानं त्यांनी तुकडा टेकवला आणि डावा हात उपडा करून सरळ ठिणग्यांखाली धरला. कानशीची ठिणगी चरचर चावे, चांगल्याची नुसती शिवून जाई. "ह्यो न्हाय. ह्योबी न्हाय." हातावर लाल पुरळ उठलं. मी चाक थांबवलं की ओरडत. अहो, काय हट्टी माणूस! शेवटी त्यांनी एक तुकडा मुठीत घट्ट धरला. "ह्यो."

मापं मी घेतली, लेथ त्यांनी चालवला. गिरणीवाल्यांनी शाफ्टवरून बोट फिरवलं, एकही ओरखडा नव्हता. त्यांनी हात जोडले.

घरी मामी त्यांच्या हाताला लोणी लावत रडू लागल्या. "माझ्यापायी झालं हे."

"रडतीस कशाला? पुढच्या नवमीलाबी असेच घास. म्या हाय की वळखायला."

पुढच्या नवमीला मामा नव्हते. मामी चिंच भिजवून तुकड्यांपुढं बसल्या होत्या, पण हात पुढं होईना.

"घासा, मामी," मी म्हणालो. "चांगले लख्ख घासा. उद्या मी बसतो चाकावर."